बदल करण्यापूर्वी: कारखान्यातील फेरफार सुरक्षितपणे कसे हाताळावेत

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्रेस शॉपची कल्पना करावी. मोटारींचे सुटे भाग दाबून काढणारे पॉवर प्रेस तेथे तिन्ही पाळ्यांत चालतात आणि प्रत्येक प्रेसवर एक ऑपरेटर असतो. प्रेस चालवायचा तर त्याला दोन्ही हातांनी दोन वेगवेगळी बटणे एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे वरचा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) खाली येत असताना त्याचे दोन्ही हात बाहेरच राहतात. एके दिवशी नवे काम येते. पत्रा पूर्वीपेक्षा लांब असतो, एकट्याला तो नीट धरता येत नाही, म्हणून सुपरवायझर पलीकडच्या बाजूला एक हेल्पर उभा करतो. यंत्र तेच, बटणे तीच आणि ऑपरेटरही तोच अनुभवी. तरीही त्या क्षणापासून ती सुरक्षाव्यवस्था अपुरी ठरते, कारण दोन बटणांची योजना ऑपरेटरचे हात वाचवते, हेल्परचे वाचवत नाही. हेल्परसाठी बटणांची दुसरी जोडी बसवायला हवी होती, किंवा हात आत जाताच यंत्र थांबवणारा लाइट कर्टन तरी हवा होता. सुपरवायझरने यंत्राला हात लावलेला नव्हता, त्यामुळे आपण काही बदल केला आहे हे त्याच्या मनातही आले नाही.

हे उदाहरण रचलेले आहे, परंतु प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाही. कारखान्यातील बदल सुरक्षितपणे हाताळण्याच्या पद्धतीला अभियंते ‘मॅनेजमेंट ऑफ चेंज’ किंवा थोडक्यात ‘एमओसी’ म्हणतात. मोठ्या कंपन्यांमध्ये तिच्यासाठी संगणकावर स्वतंत्र प्रणाली असते, लहान कारखान्यांत बहुधा तिचे नावही ठाऊक नसते. मूळ कल्पना मात्र साधी आहे. कोणतेही यंत्र, पाइपलाइन किंवा कामाची पद्धत कोणीतरी विशिष्ट परिस्थिती गृहीत धरून आखलेली असते: अमुक दाब, अमुक तापमान, अमुक कच्चा माल, इतकी माणसे. त्या गृहीतांपैकी एखादे बदलले, तर उरलेली आखणी अजूनही लागू पडते का, हे बदल अमलात येण्यापूर्वी तपासून पाहायचे आणि त्याची लेखी नोंद ठेवायची. या सगळ्यात सर्वांत अवघड काम तपासणीचे नाही. समोर घडते आहे तो बदल आहे, हे ओळखण्याचे आहे.

म्हणून पहिला भेद ‘जसेच्या तसे बदलणे’ आणि ‘वेगळे काही बसवणे’ यांतला करावा लागतो. झिजलेल्या बेअरिंगच्या जागी त्याच क्रमांकाचे बेअरिंग बसवले तर ती नेहमीची दुरुस्ती झाली आणि तिला वेगळी परवानगी लागत नाही. वाफेच्या लाइनच्या फ्लँजमध्ये, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकत्यांमध्ये, गळती रोखणारे मूळचे उष्णतारोधक गॅस्केट मिळाले नाही म्हणून त्याच मापाचे साधे रबरी गॅस्केट कापून बसवले, तर माप जुळले तरी तो बदल आहे, कारण ते रबर वाफेच्या तापमानाला टिकणार नाही. लातूरच्या डाळ मिलमध्ये धूळ ओढणाऱ्या ब्लोअरची पुली तुटली आणि बाजारात जरा लहान पुली मिळाली, असे समजू. मोटरच्या बाजूची पुली लहान झाली तर पंखा हळू फिरेल आणि धूळ साचू लागेल. पंख्याच्या बाजूची लहान झाली तर तो वेगाने फिरेल. पंख्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढला तर त्याचा दाब सुमारे २१ टक्क्यांनी आणि त्याला लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ‘थोडीशी लहान पुली’ म्हणून बसवलेली वस्तू मोटर जाळू शकते ती अशी. फिटर चुकीचे वागला असे येथे म्हणता येणार नाही, कारण बंद पडलेली मिल त्याने सुरू करून दिली. उणीव आहे ती त्याला थांबवून विचारणाऱ्या व्यवस्थेची.

या विषयावर बोलताना जगभर एका अपघाताचा दाखला दिला जातो आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल बनवणारा एक रासायनिक कारखाना होता. तेथे एकाखाली एक अशा पायऱ्यांनी बसवलेल्या, रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या सहा बंद टाक्यांमधून, म्हणजे रिअ‍ॅक्टरांमधून सायक्लोहेक्झेन हा अत्यंत ज्वलनशील द्रव सुमारे १५५ अंश सेल्सियस तापमानाला आणि दाबाखाली वाहत असे. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिअ‍ॅक्टरला उभी चीर गेल्याचे आढळले. ही चीर का पडली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. पूर्वी एका लहान गळतीवर पाणी सोडण्यात आले होते, त्या पाण्यात नायट्रेट होते आणि त्या नायट्रेटने पोलादाला चिरा पाडल्या. गळतीवर पाणी सोडणे हाही एक बदलच होता, परंतु त्याच्याकडे कोणी बदल म्हणून पाहिले नव्हते.

पाचवा रिअ‍ॅक्टर बाजूला काढून चौथा आणि सहावा एका तात्पुरत्या पाइपने जोडण्याचे ठरले. रिअ‍ॅक्टरची तोंडे २८ इंचांची होती, हाताशी असलेला पाइप २० इंचांचा. दोन्ही तोंडे वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे पाइपला दोन ठिकाणी वाक द्यावा लागला आणि दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घड्यांच्या नळीसारखे लवचिक सांधे, जोडण्यात आले. या जोडणीचा एकमेव आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेला होता. त्या पाइपमधून पुरेसा द्रव वाहील का आणि सरळ पाइप म्हणून तो दाब सोसेल का, एवढेच पाहिले गेले; वाकड्या पाइपमधला दाब त्याला पिरगळण्याचा प्रयत्न करील आणि तो ताण बेलोजवर येईल, याचा हिशेब कोणी केला नाही. तो करू शकणारा माणूस त्या दिवसांत तेथे नव्हता, कारण कारखान्याचा मुख्य यांत्रिक अभियंता नोकरी सोडून गेला होता आणि त्याची जागा भरलेली नव्हती. पाचव्याला चीर गेली, तर उरलेल्या पाचांची स्थिती काय आहे हे उघडून पाहण्यातही आले नाही. १ एप्रिलला कारखाना पुन्हा सुरू झाला. १ जून १९७४ रोजी, शनिवारी दुपारी, ती जोडणी फुटली आणि बाहेर पडलेल्या बाष्पाच्या ढगाचा स्फोट झाला. २८ माणसे गेली, त्यांपैकी १८ नियंत्रण कक्षात होती. आसपासच्या अठराशेहून अधिक घरांचे नुकसान झाले. सुट्टीचा वार नसता तर आवारात शेकडो माणसे असती.

फ्लिक्सबरोच्या लोकांना निष्काळजी म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. उत्पादन लवकर सुरू व्हावे म्हणून त्यांनी जे केले, ते आपल्याकडे रोज होते आणि त्याला आपण कौतुकाने ‘जुगाड’ म्हणतो. त्या पाइपबद्दल ‘तात्पुरता’ हा शब्द वापरला गेल्यामुळे त्याच्याकडे बारकाईने पाहण्याची गरज कोणाला भासली नाही, हे मला त्या हकिकतीतले सर्वांत गंभीर वाटते. प्रत्यक्षात दाबाला तात्पुरते आणि कायमचे यांतला फरक कळत नाही. म्हणून तात्पुरत्या बदलाला कायमच्या बदलाइतकीच तपासणी हवी आणि शिवाय एक अधिकची गोष्ट हवी, ती म्हणजे संपण्याची तारीख. बायपास केलेल्या इंटरलॉकवर (धोका असताना यंत्र चालू न देणारी योजना), तारेने बांधून ठेवलेल्या लिमिट स्विचवर (भाग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की यंत्र थांबवणारा स्विच), क्लॅम्प मारलेल्या गळक्या पाइपवर ठळक टॅग असावा आणि त्यावर कोणी, कधी, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेले असावे. ती तारीख उलटली तर मुदतवाढ आपोआप मिळू नये. पुन्हा विचारणा व्हावी.

मराठवाड्यात एक बदल असा आहे की तो कारखान्याच्या फाटकातून रोज आत येतो आणि त्याची नोंद फक्त सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये होते. तो म्हणजे टँकरचे पाणी. पाऊस कमी झालेल्या वर्षी येथील पाण्याची स्थिती काय होते हे वेगळे सांगायला नको. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी औद्योगिक वसाहतीच्या नळाला कपात लागते आणि कारखाने बोअरच्या पाण्याचे टँकर मागवतात. ते पाणी बहुतेक वेळा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. बॉयलरच्या नळीचा धातू आगीच्या इतका जवळ असूनही टिकतो, कारण दुसऱ्या बाजूचे पाणी त्याची उष्णता सतत काढून घेत असते. नळीच्या आत क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, धातू तापत जातो, मऊ पडून फुगतो आणि शेवटी फुटतो. पाणी मृदू करणारे सॉफ्टनर पूर्वीच्या नळाच्या पाण्याच्या हिशेबाने मिठाने धुतले जाते. टँकरच्या पाण्याला ते वेळापत्रक पुरत नाही आणि पुढच्या धुण्याची वेळ येण्याआधीच सॉफ्टनरची शक्ती संपते. औषधांसाठी रसायने बनवणाऱ्या कारखान्यात हेच क्षार रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटमध्ये, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाहेरच्या कवचात, आणि वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या कंडेन्सरमध्ये बसतात. जी रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता बाहेर टाकते, तिच्यात कच्चा माल किती वेगाने सोडायचा हे त्या जॅकेटच्या थंड करण्याच्या क्षमतेवर ठरवलेले असते. क्षमता घटली आणि सोडण्याचा वेग तोच राहिला, तर तापमान हाताबाहेर जाऊ शकते. पाणी बदलले या कारणासाठी एमओसीचा फॉर्म भरावा असे कोणी सुचवले तर अनेकांना ते अतिरेकी वाटेल. मला ते आपल्या भागात सर्वांत आधी करण्यासारखे काम वाटते: नव्या स्रोताच्या पाण्याचा जडपणा मोजणे, सॉफ्टनरचे वेळापत्रक बदलणे आणि बॉयलर अटेंडंटला त्याचे कारण समजावून सांगणे.

कच्च्या मालाचेही तसेच आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळवतात. भंगाराचा पुरवठादार बदलला आणि नव्या मालात बंद तोंडाचे डबे किंवा पावसात भिजलेले गठ्ठे आले, तर वितळलेल्या पोलादाखाली सापडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक असते आणि ती तप्त धातू बाहेर फेकते. खरेदी विभागाने भाव पाहून घेतलेला निर्णय भट्टीवरच्या माणसापर्यंत धोका म्हणून पोहोचतो, तोही बहुधा कोणतीही सूचना न मिळता.

माणसांच्या संख्येतला आणि जबाबदाऱ्यांतला बदल तर बदल म्हणून क्वचितच मोजला जातो. भोपाळची दुर्घटना २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री घडली, परंतु तिची पूर्वतयारी अनेक महिन्यांच्या निर्णयांतून झाली होती. मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा त्याच वर्षी बंद करण्यात आली होती, बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी बंद होता, पाळीतली माणसे कमी करण्यात आली होती आणि रात्रपाळीचे देखभाल पर्यवेक्षकाचे पद काढून टाकण्यात आले होते. यांतला प्रत्येक निर्णय वेगळ्या टेबलावर, वेगळ्या कारणाने झाला. ते सगळे एकत्र मांडून ‘आता काही बिघडले तर आपल्या हाती काय उरते’ असा प्रश्न विचारण्याची पद्धत तेथे असायला हवी होती.

अलीकडचा दाखला विशाखापट्टणमचा आहे. ७ मे २०२० च्या पहाटे तेथील पॉलिमर कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. लॉकडाउनमुळे कारखाना बंद होता आणि स्टायरीन टाकीत साठून राहिले होते. हा द्रव साठवून ठेवला असता स्वतःशीच संयोग पावू लागतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते, म्हणून तो थंड ठेवून सतत फिरवावा लागतो. चौकशी समितीला आढळले की डिसेंबर २०१९ मध्ये टाकीतल्या फिरवणाऱ्या पाइपच्या रचनेत बदल झाला होता आणि त्यानंतर वरच्या थरातला द्रव नीट मिसळेनासा झाला. तापमान मोजण्याची सोय मात्र तळाशीच होती. त्यामुळे वर उष्णता वाढत असताना तळचा आकडा दिलासा देत राहिला. पाइप बदलताना ‘तापमान आपण कोठे मोजतो’ हा प्रश्न विचारला गेला असता, तर त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार मोठ्या तज्ज्ञाची गरज नव्हती.

असे प्रश्न एकट्याला सुचत नाहीत, म्हणून एमओसीच्या फॉर्मवर एकापेक्षा अधिक सह्या असतात. लातूर भागात सोयाबीनपासून तेल काढणारे सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन प्लांट आहेत. त्यांत हेक्झेन हा ज्वलनशील द्रव वापरतात. अशा प्लांटमध्ये नवी केबल टाकण्यासाठी चर खणायचा आहे, असे धरू. इलेक्ट्रिशियनला त्यात केबल दिसते, बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टरला माती आणि काँक्रीट दिसते. प्लांट चालवणाऱ्या केमिस्टला मात्र माहीत असते की हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खोलगट जागी जाऊन साचते. म्हणजे हा चर उघडा राहिला तर प्लांटमधली वाफ त्यातून वाहत दूरच्या विजेच्या पॅनेलपर्यंत जाऊन तेथल्या ठिणगीने पेटू शकते. चर वाळूने भरून टाकला किंवा मध्ये अडसर घातला तर प्रश्न मिटतो. तिघे एकाच कागदासमोर बसले नाहीत तर मात्र तो कोणालाच दिसत नाही. माझ्या मते सह्यांचे महत्त्व एवढ्याच कारणासाठी आहे. जेथे फॉर्म एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि जागेवर न जाता त्यावर सही होते, तेथे कागद पूर्ण असूनही काम झालेले नसते.

फॉर्म स्वतः एका पानाचा असला तरी पुरतो. काय बदलायचे आहे, का, पूर्वी काय होते, कोणाकोणावर आणि कशाकशावर परिणाम होईल, कोणती काळजी घ्यायची, तात्पुरते असल्यास केव्हापर्यंत आणि संमती कोणाची, एवढे त्यात हवे. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात यासाठी वेगळा अधिकारी ठेवणे परवडत नाही, तेथे बांधणीची एक वही आणि मालक, मेंटेनन्सचा माणूस व पाळीतला सर्वांत जुना ऑपरेटर अशा तिघांची बैठक पुरेशी आहे. फॉर्म मराठीत असावा, आणि कंत्राटी कामगार बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेले असतील तर बदलाची माहिती त्यांना हिंदीत, यंत्राजवळ उभे राहून सांगितली जावी. ‘नोटीस बोर्डावर लावले आहे’ हे उत्तर येथे चालत नाही.

रात्री दोन वाजता ब्रेकडाउन झाल्यावर काय करायचे, असे विचारले जाते, आणि तो प्रश्न रास्त आहे. अशा वेळेसाठी वेगळा रस्ता आधीच ठरवून ठेवावा: पाळीप्रमुखाने दोन ठरलेल्या व्यक्तींना फोन करून बदल तोंडी समजावावा, त्यांची संमती लॉगबुकात वेळेसह लिहावी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण तपासणी व्हावी. सेफ्टी व्हॉल्व्ह, आगीचे किंवा वायूचे अलार्म आणि बॉयलरच्या पाण्याच्या पातळीचे संरक्षण या गोष्टींना मात्र फोनवरची संमती लागू नसावी. त्या बंद करण्यावाचून उपाय नसेल तर यंत्र बंद ठेवावे.

कायद्याला ही कल्पना नवी नाही. भारतीय बॉयलर अधिनियम १९२३ चा होता (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर अधिनियमाने घेतली), आणि नोंदलेल्या बॉयलरच्या रचनेत कोणताही फेरफार करण्यापूर्वी मुख्य निरीक्षकाची लेखी मंजुरी घ्यावी, असे त्यात तेव्हापासूनच होते. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यात सुरक्षाविषयक कामात कामगारांच्या सहभागाची तरतूद झाली आणि नजीकचा धोका दिसत असेल तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा व निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क अशा प्रक्रियांच्या कारखान्यांतल्या कामगाराला मिळाला. त्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता करण्यात आली आणि तिने हा हक्क प्रत्येक कामगाराला दिला. प्रेसजवळ उभ्या केलेल्या त्या हेल्परने ‘माझ्या बाजूला बटणे नाहीत’ असे म्हटले असते, तर तो कामात अडथळा आणत नव्हता. कायद्याने दिलेला हक्कच वापरत होता. हे त्याला कामावर घेतले त्या दिवशी कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे.

बदल मंजूर झाला, काम पूर्ण झाले, तरी यंत्र सुरू करण्यापूर्वी जागेवरची एक फेरी बाकी असते आणि तिचे महत्त्व आपल्याकडच्या साखर कारखान्यांत सर्वांत जास्त आहे. गाळप संपल्यापासून पुढच्या हंगामापर्यंतच्या महिन्यांत तेथे दुरुस्तीची शेकडो कामे होतात: पाइप बदलतात, व्हॉल्व्हच्या जागा सरकतात, डिस्टिलरीच्या नव्या लाइन जुन्या वाफेच्या लाइनला जोडल्या जातात. त्यानंतर बॉयलर अग्निप्रदीपनाचा मुहूर्त निघतो, पाहुणे ठरतात, पत्रिका छापल्या जातात आणि ती तारीख पुढे ढकलणे कोणालाही नको असते. म्हणून ही फेरी पत्रिका छापण्यापूर्वीच व्हायला हवी. मुख्य अभियंता, केमिस्ट, बॉयलर अटेंडंट आणि हंगामी कामगारांचा एक प्रतिनिधी यांनी ऑफ सीझनमधल्या प्रत्येक बदलाचा कागद हातात घेऊन त्या त्या जागी जावे. नवी लाइन आराखड्यात उतरवली आहे का, तिची दाबचाचणी झाली का, दुरुस्तीसाठी पाइप बंद करायला घातलेल्या ब्लँक प्लेट सगळ्या काढल्या का, सेफ्टी व्हॉल्व्हसमोर कोणी बंद व्हॉल्व्ह तर बसवलेला नाही ना, व्हॉल्व्हवर नवे क्रमांक रंगवले का, आणि गेल्या हंगामात या प्लांटवर काम करून गेलेल्या व आता परत आलेल्या कामगाराला काय बदलले आहे ते दाखवले का, हे तेथे उभे राहून पाहावे. ज्या कागदापुढे खूण करता आली नाही, त्या बदलाशी जोडलेली लाइन मुहूर्ताच्या दिवशीही बंद आणि कुलूपबंद राहावी, आणि तिची किल्ली मुख्य अभियंत्याकडे असावी.